‘चर्च काय करू शकतं?’ या प्रश्नात काय राहून जातं

मानवी तस्करीवर संशोधन करायचंय म्हणणाऱ्यांच्या प्रस्तावात एक प्रश्न हमखास असतो: पीडितांना चर्च कशी मदत करू शकतं? प्रश्न वाईट नाही. पण त्यातला कर्ता चर्च आहे, बाई फक्त मदत घेणारी. मग उत्तरंही ठरलेली: निवारा, समुपदेशन, शिवणकाम, प्रार्थना. ही यादी झाली, विश्लेषण नाही.

आपल्याकडचंच उदाहरण घेऊ. पंडिता रमाबाईंनी 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या. तिथे उपाशी, निराधार मुली वाईट माणसांच्या हाती कशा पडतात, हे त्यांनी लिहून ठेवलंय. त्यातल्या शेकडो मुलींना त्यांनी आणलं आणि केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. शोषण झालेल्या बायकांसाठी कृपासदन वेगळं होतं. मला यात सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो छापखाना. रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेलं मराठी बायबल तिथल्याच बायकांनी छापलं. दया दाखवणं वेगळं आणि हातात कसब देणं वेगळं. इथे दुसरं झालं.

पण एवढ्यावर थांबलात तर तो गौरवलेख होतो. 1893 मध्ये धर्मांतराच्या वादावरून रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. यावर लिहिणारे बहुतेक जण रमाबाई बरोबर की सुधारक बरोबर, यातच अडकतात. मुली काय म्हणत होत्या? आणि जिला परत जायला घरच नाही, तिच्या ‘हो’ला किती वजन द्यायचं?

हा प्रश्न फक्त चर्चचा नाही बरं का. पीटा कायद्याच्या कलम 17 खाली सोडवलेल्या बाईला एक ते तीन वर्षं संरक्षणगृहात ठेवता येतं. मालाडमधून पकडलेल्या तीन सज्ञान मुलींना असंच ठेवलं होतं. 2020 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना सोडलं, कारण सज्ञान बाईला तिच्या मर्जीविरुद्ध डांबता येत नाही. दार आतून उघडतं का, हे सरकारी गृहालाही विचारायचं आणि मिशनच्या गृहालाही.

आता वाकोला. इथलं सेंट अँथनी चर्च समजा तुमचं फील्ड आहे. छापा घालणं पॅरिशचं काम नाही. पण आखातात घरकामाची नोकरी लावून देतो म्हणणारा एजंट कोणाच्या ओळखीने घरात आला, हे शेजारपाजारच्या बायकांना पोलिसांच्या आधी कळतं. ईसीआर पासपोर्टवर 30 वर्षांखालच्या बाईला तिथे घरकामाला पाठवता येत नाही, म्हणून एजंट व्हिजिट व्हिसा पुढे करतो. तो एजंट नोंदणीकृत आहे का, हे ई-मायग्रेटवर बघता येतं. मिस्सानंतर दहा मिनिटं कोणी बसून हे बघून देतं का? माझ्या मते ‘चर्च काय करू शकतं’चं निम्मं उत्तर इथेच आहे, आणि त्याला देणगी लागत नाही.

आणि मुलाखती घेताना एक पाळा: गृहाच्या सिस्टर किंवा मॅनेजर खोलीत असतील तर रेकॉर्डर चालूच करू नका. त्या कितीही भल्या असल्या तरी.