न कापलेली बाहुली : कागदी खेळण्याच्या मूल्यमापनातील एक प्रश्न

मुलांनी कापून जोडावयाच्या जुन्या छापील बाहुल्यांचे मोल ठरविताना संग्राहक एक निकष गृहीत धरतात : तक्ता अखंड असावा, त्यास कात्री लागलेली नसावी. ग्रंथाच्या प्रतीला हा निकष शोभतो. बाहुलीला तो लावला, की ज्या प्रतीशी कोणी खेळलेच नाही, तीच उत्तम ठरते. हा निकष तपासून पाहणे अगत्याचे आहे.

फ्रान्समधील एपिनाल येथे झाँ-शार्ल पेलरँ यांनी १७९६ मध्ये स्थापिलेल्या चित्रमुद्रणालयाचे तक्ते या प्रकारात प्रसिद्ध आहेत. एकोणिसाव्या शतकातील अशा तक्त्यावर विदूषकाचे धड, हात व पाय सुटे छापलेले असत. कागद पुठ्ठ्यावर चिकटवावयाचा, अवयव कापावयाचे, सांध्यांशी भोके पाडून ते दोऱ्याने जोडावयाचे; मग मागील दोरी ओढताच हातपाय एकदम उडत.

सोस्यूर यांनी भाषेची व्यवस्था आणि प्रत्यक्ष उक्ती यांत केलेला भेद येथे उपयोगी पडतो. तक्ता ही व्यवस्था होय : घटक हाताशी आहेत, त्यांचे संबंधही ठरलेले आहेत, परंतु अद्याप कोणी काही बोललेले नाही. मुलाने कापले, जोडले आणि बाहुलीच्या तोंडी शब्द घातले, म्हणजे उक्ती घडली. अखंड तक्ता जपणारा संग्रह व्यवस्था राखतो. उक्ती मात्र फाटून, झिजून नाहीशी होते.

मराठी प्रदेशात याला जवळचे उदाहरण कुडाळनजीकच्या पिंगुळी येथील ठाकर समाजाच्या चित्रकथीचे. तेथील चित्रे छापील नव्हेत, हाताने रंगविलेली. ती कापावयाचीही नसतात. दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवितात आणि एका आख्यानाच्या चित्रसंचास 'पोथी' म्हणतात. हा शब्दच बोलका आहे. मजकुराऐवजी चित्रांच्या संचास पोथी म्हणणाऱ्यांनी चित्र हे पाहण्यापुरते नसून गाऊन सांगावयाचे आहे, असेच मानले. बाराव्या शतकातील 'मानसोल्लासा'त चित्रकथकाचा निर्देश आहे, तोही चित्राच्या साह्याने कथा सांगणारा म्हणून. पाँतँला दोरी जे देते, ते चित्रकथीला वाणी देते. निवेदनावाचून भिंतीवर टांगलेले पिंगुळीचे पान म्हणूनच न कापलेल्या बाहुलीसारखे आहे.

तथापि अखंड प्रतीचे महत्त्व नाकारता येणार नाही. ती नसती, तर अवयवांची मूळ मांडणी व रंगसंगती कळली नसती. दोष प्रत जपण्यात नसून तिलाच संपूर्ण कृती समजण्यात आहे.

यवतमाळ जिल्ह्यातील अभ्यासकांना या विवेकाची गरज घराजवळच पडेल. श्रावणात मुलांच्या क्षेमासाठी पुजला जाणारा जिवतीचा छापील कागद हे खेळणे नव्हे. परंतु त्याची गती तीच. नरसिंह, कालियामर्दन, जरा-जिवंतिका आणि बुध-बृहस्पती यांची चित्रे असलेला हा कागद पूजेत हळदीकुंकवाने माखतो, आणि पुढल्या वर्षी नवा येतो. संग्रहासाठी दुकानातून कोरी प्रत आणणे सोपे आहे. त्या कागदापुढे माता कोणती कहाणी, कोणत्या बोलीत सांगते, मुलाला ओवाळताना काय म्हणते, हे टिपून घेणे कठीण आहे. ते न टिपता केलेला संग्रह नीटनेटका दिसेल. पण तो मुका राहील.