पावती फाडली, धुराचं काय?

हल्ली विमानाचं तिकीट काढताना पुष्कळदा शेवटी एक चौकोन दिसतो. ‘आपल्या प्रवासाचा कार्बन भरून काढा.’ थोडे पैसे जास्त भरले की आपल्या नावानं कुठंतरी झाड लागतं, पवनचक्की उभी राहते, नाहीतर एखाद्या घरी बिनधुराची चूल पेटते, असं सांगतात. घरातली शिकलेली मुलं तिथं पटकन खूण करतात आणि हसत म्हणतात, ‘‘काकू, पाप फिटलं बघा!’’ ती चेष्टेनं म्हणतात. मला मात्र तो शब्द तपासून बघावासा वाटतो. पाप कशानं फिटतं आणि कशानं नाही, याचा विचार आपल्या घरांत विमानं येण्याच्या कितीतरी आधीपासून चालू आहे.

आधी धुराचा हिशेब. विमानाचं एक किलो इंधन जळलं की तीन किलोंहून जास्त कार्बन डायऑक्साइड तयार होतो, कारण हवेतला ऑक्सिजनही त्यात मिळतो. मुंबईहून न्यूयॉर्कला जाऊन परत यायचं, तर एका माणसाच्या वाट्याला एक ते दोन टन येतो. आपल्या देशात माणशी वर्षभराची सरासरी दोन टनांच्या आसपास आहे. म्हणजे एका फेरीत वर्षाचा मोठा वाटा संपला. लेकीच्या बाळंतपणाला आईनं जाऊ नये, असं मी मुळीच म्हणणार नाही. माझी तक्रार जाण्याबद्दल नाही. जाऊन ‘आम्ही गेलोच नाही’ अशी पावती घेण्याबद्दल आहे.

ही पावती किती खरी? उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे. २०२५ च्या जानेवारीत ज्यांच्या कार्यक्रमाला नवी मुंबईत तुफान गर्दी झाली, त्या ‘कोल्डप्ले’वाल्यांनी २००२ मध्ये आपल्या गाण्यांच्या अल्बमचा कार्बन भरून काढायला कर्नाटकात १०,००० आंब्याची झाडं लावायचं ठरवलं. तो प्रवासाचा कार्बन नव्हता, पण व्यवहार तोच. २००६ मध्ये बातमी आली की बरीच रोपं वाळून गेली. पाणी नव्हतं. रोप लावायला एक दिवस पुरतो, जगवायला दहा उन्हाळे घागरी वाहाव्या लागतात. आणि त्या कुणी वाहायच्या? बहुतेक वेळा आपल्यासारख्याच बायकांनी, फरक इतकाच की त्या कधी विमानात बसलेल्या नसतात.

झाड जगलं तरी गोष्ट संपत नाही. धूर आज निघतो आणि त्यातला बराच भाग शेकडो वर्षं हवेत राहतो. झाड तो सावकाश शोषतं आणि उद्या तुटलं, जळलं की परत सोडतं.

पवनचक्क्यांचा प्रश्न वेगळा आहे. आपल्या पैशामुळे ती उभी राहिली असेल, तरच ती भरपाई. नाहीतरी उभी राहणारच होती, तर आपण फक्त नाव लावलं. भारतातल्या पवनचक्क्यांवर २०२१ मध्ये अभ्यास झाला. ज्या प्रकल्पांना असे कार्बनचे दाखले मिळाले, त्यांतले निदान निम्मे त्या पैशाविनाही झालेच असते, असं त्यात निघालं. २०२४ च्या मार्चमध्ये तर ॲमस्टरडॅमच्या न्यायालयानं केएलएम या विमान कंपनीच्या अशा जाहिराती दिशाभूल करणाऱ्या ठरवल्या.

आता आपला हिशेब. तत्त्वार्थसूत्रात प्रायश्चित्ताचे नऊ प्रकार सांगितले आहेत. पहिलाच आलोचना, म्हणजे दोष गुरूंपुढे काही न लपवता बोलणं. पुढे प्रतिक्रमण येतं, विवेक येतो, तप येतं. त्या नऊंत पैसे देऊन मोकळं होणं कुठं नाही. दान आहे, त्याची जागा मोठी आहे, पण वेगळी आहे. माझा उपवास शेजारच्या अक्कांनी केला आणि मी त्यांना शंभर रुपये दिले, तर माझी निर्जरा होईल का? लहान पोरसुद्धा हसेल. कार्बनच्या पावतीत मात्र हेच चालतं. दुसऱ्यानं धूर कमी केला म्हणून माझा धूर पुसला, असं धरायचं. शिवाय कृत, कारित, अनुमोदना या तिन्हींनी कर्म बांधलं जातं, असं आपण शिकलोय. ‘भरपाई केलीय, आता बिनघोर उडा’ असं सांगणारी जाहिरात म्हणजे अनुमोदनाच की!

हे बोलायचं कारण आपल्या यात्राही आता हवेतून निघाल्यात. सांबऱ्याहून विमान, मध्ये बदल, रांची, तिथून गाडीनं शिखरजी. गुडघ्यांच्या दुखण्यानं ज्यांना दोन-तीन दिवसांचा रेल्वेप्रवास झेपत नाही, त्यांचं मी समजू शकते. पण निपाणीजवळच्या भोजचे आचार्य शांतिसागर महाराज १९२७-२८ मध्ये संघासह शिखरजीला पायी गेले होते. आपण तसं जावं असं कोण म्हणतंय? पण ज्या वाटेवर पावलाखालची मुंगी सांभाळत माणसं गेली, ती वाट आपण दोन तासांत ओलांडतो, तेव्हा ‘झाड लावलंय ना’ एवढं उत्तर अपुरं आहे.

मग करायचं काय? गृहस्थासाठी दिग्व्रत सांगितलंय. दहा दिशांना आपण कुठवर जाणार, याची मर्यादा आधीच घालून घ्यायची. मला हे व्रत आज फार नवं वाटतं. भरपाई प्रवासानंतरचा विचार करते, दिग्व्रत आधीचा. वर्षात किती विमानप्रवास, हे संसारी माणसानं स्वतः ठरवावं. लेकीकडे जाणं त्यात बसवावं, दोन तासांच्या लग्नाच्या जेवणासाठी उडणं त्यातून वगळावं. मुंबई-बेंगळूरला रात्रीची गाडी आहेच.

आणि झाडं? जरूर लावूया. बिनधुराच्या चुलीला पैसे देऊया. फक्त त्याला दान म्हणूया. दानाच्या पावतीवर आपल्या धुराची वजाबाकी लिहायची नाही. तो आकडा वेगळा मांडायचा, आणि पुढच्या वर्षी तो लहान झालाय का, ते पर्युषणात बसून बघायचं.