व्हॉल्व्ह स्प्रिंगचे वेढे

धानाची कापणी सुरू झाली की साकोली तालुक्यातल्या एकोडीच्या शिवारात हार्वेस्टर घुमू लागतात, आणि नीट कान दिला तर त्यातल्या एखाद्याच्या घरघरीत एक बारीक शीळही ऐकू येते. ती टर्बोची. बाहेर पडणाऱ्या जळक्या वायूने फिरणारे एक चाक, त्याच दांड्यावरचे दुसरे चाक, आणि त्या दुसऱ्याने इंजिनात दाबून भरलेली हवा. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्युखी यांनी 1905 साली पेटंट घेतलेली ही कल्पना आज आपल्या बांध्यांपर्यंत आली आहे. त्या शिळेचे कौतुक सारेच करतात. आपण मात्र आज हेडच्या झाकणाखाली दडलेल्या, मुठीत मावणाऱ्या एका वस्तूपाशी थांबू. ती म्हणजे व्हॉल्व्ह स्प्रिंग.

ती तळहातावर घ्या आणि खिडकीच्या उजेडात सावकाश फिरवा. वरचा आणि खालचा वेढा घासून सपाट केलेला असतो, म्हणून ती टेबलावर न डुलता उभी राहते. मधल्या वेढ्यांची तार मात्र चकचकीत नसते. तिच्यावर एक मंद, दाणेदार करडेपणा असतो. पोलादाच्या बारीक छर्‍यांचा मारा करून तो आणलेला असतो. प्रत्येक छर्‍याने पृष्ठभाग किंचित चेपला जातो, तिथे दाबाचा एक पातळ थर कायमचा राहतो, आणि तडा जिथून सुरू व्हायचा तिथेच त्याला अटकाव होतो. वेढ्याची आतली बाजू बोटाने चाचपून पाहा. स्प्रिंग दबते तेव्हा सर्वाधिक ताण याच आतल्या कडेवर येतो, आणि म्हणूनच काही उंची स्प्रिंगांची तार गोल न ठेवता अंडाकृती ओढतात. क्रोम आणि सिलिकॉन मिसळलेले, तेलात पाणी दिलेले हे पोलाद अत्यंत शुद्ध लागते. डोळ्यांना न दिसणारा मळीचा एखादा कण तारेत राहिला, तरी लाखो हेलकाव्यांनंतर ती नेमकी तिथेच तुटते. आपल्या जिल्ह्यात वरठीला मिश्र पोलादाचा कारखाना आहे, गडेगावला ट्रकचे गिअरबॉक्स बनतात. पोलादाच्या शुद्धतेचे मोल भंडाऱ्याला नव्याने सांगायला नको.

आता तिचे काम पाहू. कॅमशाफ्टवरचा उंचवटा, म्हणजे कॅम, व्हॉल्व्हला ढकलून उघडतो; मिटण्याची सारी जबाबदारी स्प्रिंगची. इंजिन मिनिटाला 6000 फेरे घेत असेल तर कॅमशाफ्ट 3000 घेतो, म्हणजे एकेक व्हॉल्व्ह सेकंदाला 50 वेळा उघडतो आणि मिटतो. फेरे दीडपट झाले तर व्हॉल्व्हची कॅमपासून सुटू पाहणारी ओढ सव्वादोनपट होते. स्प्रिंग कमी पडली की व्हॉल्व्ह कॅमचा हात सोडून हवेत तरंगतो, सीटवर आपटून उसळतो, आणि वेळ वाईट असेल तर वर येणाऱ्या पिस्टनच्या वाटेत सापडतो. इंजिन वरच्या फेऱ्यांत अडखळते, ताकद एकाएकी सपाट होते, ते पुष्कळदा यामुळेच.

हे कोणत्याही इंजिनाचे झाले. टर्बोमुळे त्यात एक सूक्ष्म भर पडते, आणि या विषयातली खरी गोडी मला तिथे वाटते. आत येणारी हवा आता नुसती ओढली जात नाही, ती इनलेट व्हॉल्व्हच्या पाठीवर रेटा देत उभी असते. व्हॉल्व्हचे डोके 34 मिलिमीटर व्यासाचे धरा. त्याचे क्षेत्रफळ सुमारे 9 चौरस सेंटिमीटर. बूस्ट, म्हणजे टर्बोने वाढवलेला हवेचा दाब, दीड बार असेल तर मिटलेल्या व्हॉल्व्हला उघडू पाहणारा रेटा जवळजवळ 14 किलोंचा. मूळची स्प्रिंग मिटलेल्या स्थितीत 20 किलोंनी दाबून धरत असेल, तर सीटवर उरले 6 किलो! एग्झॉस्टच्या बाजूलाही टर्बाइनच्या अलीकडे तुंबलेला वायू, शेजारच्या सिलिंडरच्या प्रत्येक धडकीसरशी, दुसऱ्या व्हॉल्व्हला असाच ढकलत असतो. महिंद्राच्या दोन लिटरच्या टर्बो पेट्रोल इंजिनाने 2020 च्या थारमध्ये 150 आणि 2021 च्या एक्सयूव्ही 700 मध्ये 200 अश्वशक्ती दिली. कंपनीचे अभियंते असा हिशेब आधीच मांडून ठेवतात. त्यापुढे जाऊन बूस्ट वाढवणाऱ्याला तो स्वतः नव्याने मांडावा लागतो.

मग सर्वात कडक स्प्रिंगच का घालू नये? मोह स्वाभाविक आहे, आणि निवडीचे सौंदर्य तो आवरण्यातच आहे. तारेची जाडी 4 मिलिमीटरवरून 4.4 केली की, बाकी सारे तेच असताना, ताठपणा तब्बल 46 टक्क्यांनी वाढतो, कारण तो जाडीच्या चौथ्या घातावर चालतो. डोळ्याला न जाणवणारा हा फरक कॅमला मात्र प्रत्येक फेऱ्यात जाणवतो. त्याचे टोक झिजते, सीट खचते, आणि इंजिनाने कमावलेली ताकद घर्षणात जाते. मला विचाराल तर मिटलेल्या स्थितीत 36 किलो, दर मिलिमीटरला 5 किलो आणि 10 मिलिमीटर उघडल्यावर 86 किलो, हा बेत वर धरलेल्या इंजिनाला शोभतो. बूस्टचे 14 किलो वजा जाऊनही सीटवर 22 किलो उरतात, आणि कॅमवर अकारण ओझे पडत नाही.

ताकद जमली तरी स्प्रिंगला स्वतःचा नाद असतो. भंडाऱ्याच्या पितळी हंड्यावर टिचकी मारावी आणि हात काढल्यावरही तो घुमत राहावा, तसे कॅमच्या ठोक्यांनी तिचे मधले वेढे आपल्याच लयीत लहरू लागतात. तो नाद कॅमच्या ठोक्यांशी जुळला की दाब ऐन वेळी दगा देतो. यावर दोन सुंदर उपाय आहेत. एक, स्प्रिंगच्या आत दुसरी, उलट दिशेने वळलेली, म्हणजे वेढे एकमेकांत अडकत नाहीत आणि अंगाला अंग घासून लहर शमते. दुसरा, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी वर निमुळती होत जाणारी एकेरी स्प्रिंग. तिचे वेढे एका मापाचे नसल्याने सारे एकत्र झंकारत नाहीत, तिला वरून धरणारी चकती, म्हणजे रिटेनरही, लहान आणि हलकी होते. मध्यम बूस्टसाठी मी ही निमुळतीच घेईन. हलकेपणाने जे साधते ते जोराने साधू नये. फार मोठ्या बूस्टला मात्र जोडी हवी, शिवाय एक तुटली तर दुसरी व्हॉल्व्हला खाली पडू देत नाही. रनोने 1986 साली फॉर्म्युला वनच्या इंजिनात तार काढून दाबलेल्या हवेचीच स्प्रिंग केली. ती वाट रस्त्यावरच्या गाडीची नव्हे.

तेव्हा कॅटलॉगमधल्या आकड्यावर विसंबू नका. हेडवर बसल्यावरची प्रत्येक स्प्रिंगची उंची स्वतः मोजा, त्याच उंचीला टेस्टरवर तिचा दाब पाहा. कमी भरला तर स्प्रिंगखाली अर्ध्या मिलिमीटरची शिम, म्हणजे पातळ चकती, घाला. वरच्या हिशेबाने अडीच किलो वाढतील. व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्यावर वेढे एकमेकांना टेकायला निदान एक मिलिमीटर तरी बाकी आहे ना, हे पाहूनच हेडचे झाकण लावा.