श्वानाची रास आणि श्वानाचे मन

मीरा रोडच्या एका शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाई गेल्या हिवाळ्यात आमच्याकडे एक छापील पत्रक घेऊन आल्या. आपल्या कुत्र्याच्या राशीवरून त्याच्या भावनिक गरजा कशा ओळखाव्यात, हे त्यात सांगितले होते. बारा राशी, बारा स्वभाव. मेषेचा कुत्रा धाडसी व हट्टी, त्याला मोकळे धावू द्यावे. कर्केचा हळवा, तो मधूनच रुसून कोपऱ्यात बसतो, त्या वेळी त्याला एकटे सोडावे. सिंहेचा मानी, त्याचे कौतुक चारचौघांत करावे. सातवीतल्या एका मुलाने हे पत्रक वर्गात आणले होते. आपल्या घरच्या कुत्र्याचे वर्णन 'अगदी तंतोतंत' जुळते, असे त्याचे म्हणणे होते. त्याला काय उत्तर द्यावे, हा बाईंचा प्रश्न होता. 'हे सगळे खोटे आहे' असे म्हणून तोंड बंद करता आले असते, पण मुलाची शंका फिटली नसती.

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मुळातली जिज्ञासा खरी आहे. कुत्र्याला भीती वाटते, त्याला सोबत हवी असते, त्याच्या अंगात दुखणे असते आणि यातले काहीही तो बोलून सांगू शकत नाही. शिवाय मीरा-भाईंदरसारख्या शहरात हा विषय रोजच्या जगण्याचा आहे. २००२ साली महानगरपालिका झालेल्या या शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच आठ लाखांवर होती. खाडी, मिठागरे आणि रेल्वेमार्ग यांच्या मधल्या दाट वस्तीत घरातले कुत्रे आणि गल्लीतले कुत्रे दोन्ही आहेत. शाळेत जाणारे मूल त्यांच्या अंगावरून जाते. कुत्र्याचे मन ओळखता येणे ही इथे चैन नव्हे, गरज आहे. म्हणूनच ते ओळखण्याचे साधन पारखून घेतले पाहिजे.

प्रथम पत्रकाचे गृहीतक पाहू. रास सांगायची तर जन्मतारीख हवी. पैदास केंद्रातून आणलेल्या कुत्र्याची ती मिळू शकते. रस्त्यावरून उचलून आणलेल्या पिलाचे वय पशुवैद्य दातांवरून सांगतात, पण ते आठवड्यांत किंवा महिन्यांत, दिवसांत नव्हे. चंद्र तर सुमारे सव्वादोन दिवसांत रास बदलतो. पत्रकात यावर तोड सुचवली होती. जन्मतारीख माहीत नसेल, तर कुत्रा घरी आला तो दिवस धरावा! जन्मवेळी असलेल्या ग्रहस्थितीमुळे स्वभाव घडतो, हा फलज्योतिषाचा पाया. घरी येण्याचा दिवसही तितकाच चालत असेल, तर तो पाया पत्रकानेच उखडून टाकला म्हणायचा.

तारीख नक्की माहीत आहे असे समजू. एक कुत्रा ५ जानेवारीला जन्मला. पाश्चात्त्य सायन पद्धतीप्रमाणे तेव्हा सूर्य मकरेत असतो. आपल्या पंचांगाप्रमाणे मकरसंक्रांत १४ जानेवारीच्या सुमारास, म्हणजे तो धनूतच आहे. दोन्ही पद्धतींत आज सुमारे २४ अंशांचे अंतर पडले आहे. कुत्रा एक, तारीख एक आणि स्वभाव दोन. पत्रकातील मकरेचा कुत्रा गंभीर व शिस्तप्रिय होता, धनूचा भटका व आनंदी. मालकाने नक्की कोणता समजून वागायचे?

हे सारे प्राचीन भारतीय ज्ञान आहे, असेही कुणी म्हणेल. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत कुत्र्याची लक्षणे आणि कुत्र्यावरून घ्यायचे शकुन यांवर मजकूर आहे, हे खरे. पत्रिका जुळवताना आर्द्रा व मूळ या नक्षत्रांना श्वानयोनी धरतात, तिचे हरिणयोनीशी वैर मानतात आणि ३६ गुणांपैकी ४ गुण या योनीसाठी ठेवतात, हेही खरे. परंतु या सर्व ठिकाणी कुत्रा हे माणसाच्या भविष्याचे चिन्ह आहे. कुत्र्याला स्वतःचे मन आहे व त्याच्या काही गरजा आहेत, हा विचार तिथे नाही. बारा राशींचे बारा स्वभाव ही आजची वर्तमानपत्री तऱ्हा त्यामानाने फार अलीकडची. लंडनच्या 'संडे एक्स्प्रेस'मध्ये १९३० साली आर. एच. नेलर यांचे भविष्यलेखन सुरू झाले आणि तेथून ही सदरे लोकप्रिय होत गेली. तोच साचा आता कुत्र्याला घातला आहे.

यापुढची कसोटी निसर्गानेच मांडून ठेवली आहे. कुत्री एका वेतात चार-सहा पिले देते आणि ती काही तासांच्या अंतराने जन्मतात. त्यांची सूर्यरास एकच असते व चंद्ररासही बहुधा एकच. पत्रक खरे असेल तर ती सारी एकाच स्वभावाची निघाली पाहिजेत. इमारतीच्या जिन्याखाली व्यालेली कुत्री ज्याने पाहिली आहे, त्याला विचारा. एक पिलू पुढे येऊन बोट चाटते, दुसरे आईमागे दडते, तिसरे भावंडांच्या अंगावर चढते. लग्नरास दर दोन तासांनी बदलते, असे ज्योतिषी म्हणतील. मग बारा परिच्छेदांचे पत्रक आधीच निरुपयोगी ठरले, हे त्यांनी मान्य केले पाहिजे.

आता मुलाच्या 'तंतोतंत' या शब्दाकडे येऊ. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी १९४८ साली आपल्या ३९ विद्यार्थ्यांची एक चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याचे 'खास' स्वभाववर्णन दिले. ते किती जुळते याला विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. वस्तुतः सर्वांना एकच वर्णन दिलेले होते आणि त्यातली वाक्ये फलज्योतिषाच्या एका बाजारी पुस्तकातून घेतलेली होती. कुत्र्याच्या बाबतीत हे आणखी सोपे जाते. 'हळवा आहे, पण कधी कधी हट्टीपणा करतो' हे कोणत्या कुत्र्याला लागू नाही? आणि आपले वर्णन चुकले, असे माणूस निदान म्हणू शकतो. कुत्र्याला तीही सोय नाही.

माणसांच्या पत्रिकांची रीतसर परीक्षा तर आपल्याच महाराष्ट्रात झाली आहे. डॉ. जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ डॉ. सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी २००८ साली ती घेतली. हुशार मुलांच्या १०० व बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या १०० पत्रिका एकत्र मिसळल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या ४० पत्रिका देऊन कोणती कोणत्या गटातली, एवढेच ओळखायला सांगितले. २७ ज्योतिषांनी उत्तरे पाठवली. सर्वांत चांगले उत्तर ४० पैकी २४ बरोबर, आणि सर्वांचे सरासरी यश ४६ टक्के. नाणे उडवून निर्णय घेतले असते, तर सुमारे ५० टक्के उत्तरे बरोबर आली असती. बुद्धीतला एवढा ठळक फरकही जन्मवेळेच्या पत्रिकेत दिसत नसेल, तर कुत्र्याचे रुसणे राशीत कुठून दिसणार?

मग कुत्र्याचे मन कळायचे कसे? त्याला थेट विचारता येत नसले, तरी ते पारखता येते. न्यू यॉर्कच्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांचा २००९ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग शिक्षकांनी लक्षात ठेवण्याजोगा आहे. १४ कुत्र्यांच्या मालकांनी 'खाऊ खायचा नाही' असे बजावून खोलीबाहेर जायचे होते. मागे कुत्र्याने तो खाल्ला की नाही, याची माहिती मालकाला कधी खरी दिली, कधी खोटी. मान खाली, नजर चुकवणे, शेपूट पायात, हा ज्याला आपण 'अपराधी चेहरा' म्हणतो, तो कुत्र्याने खाऊ खाल्ला की नाही यावर अवलंबून नव्हता. मालक रागावला की तो दिसे. खाऊ न खाता बोलणी खाणाऱ्या कुत्र्यांत तर तो अधिक ठळक होता. म्हणजे ती अपराधाची कबुली नसून मालकाच्या रागाला दिलेला प्रतिसाद आहे. वर्षानुवर्षे कुत्रा पाळणारी माणसेही इथे फसतात. घरच्या निरीक्षणालाही कसोटी लागते, ती अशी.

दुसरे उदाहरण भित्रेपणाचे. अमेरिकेतील जॉन पॉल स्कॉट व जॉन फुलर यांनी आपले अनेक वर्षांचे संशोधन १९६५ साली ग्रंथरूपाने मांडले. जन्मानंतर तिसऱ्या आठवड्यापासून सुमारे बाराव्या आठवड्यापर्यंत पिलाला माणसांचा, आवाजांचा, इतर प्राण्यांचा जो परिचय घडतो, त्याचा ठसा पुढे टिकतो. या काळात माणूस न पाहिलेले पिलू मोठेपणीही माणसाला बिचकते. यात वंशाचाही वाटा आहे. रस्त्यावरील कुत्र्यांची पिले आपल्याकडे मुख्यतः पावसाळ्यानंतर, हिवाळ्याच्या सुमारास जन्मतात. त्यामुळे कुणाला 'धनूची पिले अशी आणि मिथुनेची तशी' असा फरक कधी दिसलाच, तर ऋतू, थंडी आणि परिचयाचे ते आठवडे आधी तपासावे लागतील. ग्रहांपर्यंत जाण्याचे कारण पडणार नाही. दिवाळीत पलंगाखाली थरथरणाऱ्या कुत्र्याचेही तसेच. माणसाला सुमारे २०,००० हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात, कुत्र्याला ४०,००० हर्ट्झच्याही पुढचे. त्याला हवी असते बंद खिडकीची खोली आणि जवळ बसलेले ओळखीचे माणूस.

'पत्रक वाचून कुणी कुत्र्याचे लाड केले, तर बिघडले कुठे?' हा आक्षेप आम्ही अनेकदा ऐकला आहे. त्यात तथ्यांश एवढाच, की पत्रकामुळे मालक कुत्र्याचा विचार करू लागतो. पण तो पाहतो कागदाकडे. त्या मुलाच्या घरी हेच झाले. त्यांचा कुत्रा जेवेनासा झाला, कोपऱ्यात बसून राहू लागला. कर्केचा आहे, रुसला आहे, एकटे सोडावे, असे ठरवून घरच्यांनी पाच-सहा दिवस घालवले. बाईंनी 'त्याच्या हिरड्यांचा रंग पाहा, अंगावर गोचिडी आहेत का पाहा' असे सांगितले, तेव्हा हिरड्या फिक्या पडलेल्या आढळल्या. पशुवैद्यांनी रक्त तपासून गोचीडताप असल्याचे सांगितले. औषधाने कुत्रा बरा झाला. आणखी आठवडा गेला असता, तर कदाचित झाला नसता. शनिवारी काळ्या कुत्र्याला तेल माखलेली चपाती घालणाऱ्यांचेही आम्हाला हेच सांगणे आहे. तिथे कुत्रा माणसाच्या ग्रहांवरचे औषध होतो. त्याच्या पोटाला ते तेल मानवेल का, हे कुणी विचारत नाही.

वर्गात काय करता येईल? पत्रकातील बारा वर्णने राशींची नावे काढून क्रमांक घालून लिहा. ज्यांनी पत्रक वाचलेले नाही आणि ज्यांच्या कुत्र्याची जन्मतारीख पक्की आहे, अशा ३६ मालकांना त्यातले सर्वांत जुळणारे एकच वर्णन निवडू द्या. एका शाळेत एवढे मिळाले नाहीत, तर दोन-तीन शाळांनी मिळून करावे. निव्वळ योगायोगाने बारात एक, म्हणजे सुमारे तीन जणांचे जुळेल. चार-पाच जुळले तरी नवल नाही. सात किंवा अधिक जुळले तर प्रयोग पुन्हा करायचा, हे आधीच फळ्यावर लिहून ठेवा. निकाल पाहून नियम ठरवू नये, हा धडा मुलांना यातूनच मिळेल.

त्यानंतर आठवडाभर मुलांनी घरच्या कुत्र्याच्या किंवा खिडकीतून दिसणाऱ्या गल्लीतल्या एका कुत्र्याच्या नोंदी कराव्यात. वेळ, कान, शेपूट, अंगाचा ताठरपणा, आधी काय घडले, नंतर काय घडले. 'चिडला' असे न लिहिता 'दात दिसले, अंग ताठ, शेपूट वर' असे लिहावे. रस्त्यावरच्या कुत्र्याला हात लावू नये. खाणाऱ्या, झोपलेल्या वा पिले असलेल्या कुत्र्याजवळ जाऊ नये. चावा झालाच, तर जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन लगेच लशीसाठी दवाखान्यात जावे, हेही याच तासाला सांगावे.

तो मुलगा आता अशी वही ठेवतो, असे बाईंनी कळवले आहे. वहीत रोज हिरड्यांचा रंग, खाणे आणि गोचिडींची संख्या असते. राशीचा रकाना त्याने आखला होता, पण त्यात रोज एकच शब्द येतो म्हणून पुढे खोडून टाकला.