फायटर मासा आरशासाठी ‘काम’ करतो, म्हणजे नक्की काय?

अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात बरणीत एकटाच ठेवलेला फायटर मासा तुम्ही पाहिला असेल. शास्त्रीय नाव बेट्टा स्प्लेंडेन्स, मूळचा थायलंडकडचा. नरासमोर आरसा धरला की तो पर पसरतो, कल्ल्यांची झाकणं फुलवतो. १९६३ साली ट्रॅव्हिस थॉम्प्सन यांनी ‘सायन्स’मध्ये दाखवलं, की हे प्रतिबिंब दिसावं म्हणून मासा कड्यातून पोहत जायला शिकतो. खाणं नाही, तरी बक्षीस!

प्रयोग सुटसुटीत आहे आणि मला तो आजही आवडतो. माझी तक्रार आहे ती आपल्या वाचनाबद्दल. आपण पटकन म्हणून टाकतो, ‘माशाला भांडायला आवडतं.’ थांबा. मोजलं काय गेलं? कड्यातून जाण्याची संख्या. ‘आवड’ आपण घातली.

इथे दोन शंका घ्यायला हव्यात. पहिली : आरसा पाहून मासा नुसताच उत्तेजित झाला आणि जास्त पोहू लागला, तर कड्यातून जाणंही वाढेलच. म्हणून जोडीला दुसरा मासा हवा. पहिल्याला जेव्हा जेव्हा आरसा दिसेल, तेव्हाच यालाही दाखवायचा. मात्र याच्या पोहण्याशी त्याचा संबंध ठेवायचा नाही. दोघांत फरक पडला, तरच त्याला शिकणं म्हणता येईल.

दुसरी : सगळी बक्षिसं सारखी असतात का? जेरी होगन आणि सहकाऱ्यांनी १९७० मध्ये बक्षिसाची ‘किंमत’ वाढवून पाहिली. म्हणजे एका बक्षिसासाठी जास्त फेऱ्या. खाण्यासाठी माशांनी फेऱ्या वाढवल्या, आरशासाठी तेवढ्या वाढवल्या नाहीत. शब्द एकच, ‘बक्षीस’, पण वागणं वेगळं. पुढे १९७७ मध्ये बोल्स यांनी तर शोधनिबंधाच्या शीर्षकातच विचारलं, की ही आक्रमक प्रेरणा आहे की कुतूहल?

हे सगळं मी शहाणपणाने सांगत नाहीये. माझ्या पहिल्या संशोधन आराखड्यात ‘आक्रमक प्रेरणा’ हा शब्द पानोपानी होता. मार्गदर्शकांनी एकच प्रश्न विचारला, “मोजणार काय?” मला उत्तर देता आलं नाही. आराखडा परत आला.

म्हणून प्रवेशाच्या मुलाखतीआधी एक करा. आवडता शोधनिबंध घ्या आणि त्यातल्या प्रत्येक मोठ्या शब्दाखाली लिहा, प्रत्यक्षात काय मोजलं. जिथे पेन अडेल, तिथे कदाचित तुमचा संशोधनप्रश्न सापडेल.