आडनांवाच्या आड

कुलवृत्तान्तांविषयीं आम्हांस आदर आहे, हें आधींच सांगितलेलें बरें. कारण पुढें जें लिहावयाचें आहे तें सारेंच गोड नाहीं. घरोघरच्या पेट्यांतून जुने कागद काढावयाचे, चार प्रांतांत पांगलेल्या भाऊबंदांस पत्रें पाठवावयाचीं, उत्तर न आल्यास पुन्हां पाठवावयाचीं, आणि अशा रीतीनें एका घराण्याच्या आठ-दहा पिढ्या जुळवावयाच्या, हें काम द्रव्याच्या आशेनें कोणी करीत नाहीं. या ग्रंथांचा उत्तरार्ध, म्हणजे कोण कोणत्या सालीं गांव सोडून कोठें गेला, कोणी कारकुनी केली, कोण प्लेगांत गेला, हा भाग आम्ही कित्येक कादंबऱ्यांपेक्षां अधिक आवडीनें वाचतों. आमची तक्रार आहे ती पहिल्या प्रकरणाविषयीं, आणि वंशवृक्षांतील एका रेघेविषयीं.

रेघेची गोष्ट अशी. घोडनदीकांठचें मूळ आणि ‘कर’ प्रत्ययाचें आडनांव असलेल्या एका स्नेह्यांच्या घरीं त्यांच्या कुलवृत्तान्ताची नवी आवृत्ति नुकतीच आली होती. घरांतील मंडळी आपापलीं नांवें शोधण्यांत गुंतलेलीं असतां त्यांची पुतणी म्हणाली, “काका, दादाच्या नांवाखालून रेघ निघते, माझ्या नांवाखालून कां निघत नाहीं?” काका म्हणाले, “तुझी रेघ तुझ्या सासरच्या पुस्तकांत निघेल.” “आणि त्यांनीं पुस्तकच छापलें नसेल तर?” यावर काकांनीं चहा मागविला. आम्हीही तेथें कांहीं बोललों नाहीं. परंतु तो प्रश्न घरीं आल्यावरही सुटेना, म्हणून हा लेख.

आधीं पहिलें प्रकरण. बहुतेक घराण्यांचा ज्ञात मूळपुरुष शिवकाळांतला किंवा पेशवाईंतला असतो. त्याच्या मागें कागद नसतात. येथें थांबावें, पण लेखकास थांबवत नाहीं; तो एक उडी घेतो आणि ब्राह्मण असल्यास गोत्रऋषींपाशीं व मराठा असल्यास उदेपूर किंवा धार येथील राजवाड्यांत उतरतो. या उडीस आधार काय, तर आडनांव. शिरूर तालुक्यांत या प्रकारचें सर्वांत मोहक उदाहरण पवारांचें आहे. तालुक्यांतील मलठण व शेजारच्या पारनेर तालुक्यांतील सुपें या गांवांशीं ज्यांचीं नांवें जोडलेलीं आहेत, ते पवार अठराव्या शतकांत मराठी फौजांबरोबर माळव्यांत उतरले. उदाजी व आनंदराव एका शाखेचे, तुकोजी व जिवाजी दुसऱ्या. आनंदरावांच्या वंशाची गादी धारेस झाली. तुकोजी-जिवाजींनीं देवास वांटून घेतलें व तेथें थोरली पाती आणि धाकटी पाती अशीं दोन राज्यें एकाच गांवांत नांदूं लागलीं. १९४८ सालीं हीं सारीं मध्यभारतांत विलीन होईपर्यंत ही व्यवस्था टिकली. आतां धार ही तर भोज परमाराची राजधानी! १८२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या माळव्यावरील ग्रंथांत माल्कमनेंही या योगायोगाचें नवल केलें आहे कीं, शतकांपूर्वी जेथून परमारांचें राज्य गेलें, तेथेंच पवार पुन्हां राज्यावर बसले.

योगायोग सुंदर आहे, यांत संशय नाहीं. ‘परमार’ या शब्दाचें ‘पवार’ हें रूप भाषेच्या नियमांसही धरून आहे. परंतु आडनांवाची उत्पत्ति निराळी आणि तें धारण करणाऱ्या घराची उत्पत्ति निराळी, हा भेद येथें पुसला जातो. उदाजी माळव्यांत गेला तो पूर्वजांच्या आठवणीनें नव्हे. चौथाई, सरंजाम आणि घोड्यांस चारा यांसाठीं गेला. त्याचें कर्तृत्व त्याच्या भाल्याच्या टोंकांत होतें. त्यास भोजराजाचा वारस ठरविल्यानें तो मोठा होत नाहीं, उलट मलठण-सुप्यापासून धारेपर्यंत त्यानें स्वतः कापलेलें अंतर फुकट जातें. आमच्या मतें पहिल्या प्रकरणाचा खरा दोष हा आहे: तें घराण्याची कमाई घेऊन तिच्या बदल्यांत वारसा देतें.

आडनांव रक्ताखेरीज आणखी काय सांगतें, हें पाहावयाचें असेल तर दूर जावयास नको. शिरूर तालुक्यांतील गांवांचीं नांवेंच वाचावीं. तळेगांव ढमढेरे, मांडवगण फराटा, पिंपळे जगताप. एक तळेगांव दाभाड्यांचें मावळांत आहे, म्हणून हें ढमढेऱ्यांचें. एक मांडवगण श्रीगोंदें तालुक्यांत आहे, म्हणून हें फराट्यांचें. याच तालुक्यांत पिंपळे खालसा आहे, गणेगांव खालसा आहे आणि गणेगांव दुमालाही आहे. खालसा म्हणजे ज्याचा वसूल सरकारांत जातो तें, दुमाला म्हणजे जें दुसऱ्यास लावून दिलें तें. वाचकांनीं दोन पिंपळीं एकाखालीं एक लिहून पाहावीं. ज्या जागीं ‘खालसा’ हा शब्द बसतो, त्याच जागीं ‘जगताप’ हें आडनांव बसलें आहे! म्हणजे येथें आडनांव हक्काची खूण म्हणून वापरलेलें आहे. गांव कोणाचा, याचें तें उत्तर आहे. वतनदार मराठ्यानें गांवास आपलें नांव दिलें. त्याच गांवांतून पोटासाठीं बाहेर पडलेल्यानें गांवाचें नांव आपणांस लावून घेतलें. पहिल्यापाशीं जमीन होती, दुसऱ्यापाशीं जमिनीची आठवण.

हा दुसरा प्रकार म्हणजे आपलीं ‘कर’ प्रत्ययाचीं आडनांवें. पाबळचा माणूस पाबळांत असेपर्यंत कुलकर्णी असेल, जोशी असेल, किंवा नुसता अमक्याचा मुलगा असेल. पाबळांत पाबळकर म्हणून कोणास हांक मारावी? सारेच पाबळचे! तो पुण्यास किंवा बडोद्यास गेला म्हणजे तेथील लोक त्यास पाबळकर म्हणतात, आणि पुढें शाळेच्या व कचेरीच्या पुस्तकांत तें नांव कायम होतें. म्हणून अशा आडनांवाचा प्रसार नकाशावर मांडूं गेल्यास मोठी मौज होते. गांवोगांव ठिपके पडतात आणि मूळ गांव बहुधा कोरें राहतें. वतनामुळें याला अपवाद घडतात, तरी सामान्य नियम हाच. फलटणचे नाईक निंबाळकर आपलें मूळ आडनांव पवार असल्याचें सांगतात. निंबळक गांवावरून ते निंबाळकर झाले. धारेचा दावा तेथेंही आहेच, पण लोकांनीं त्यांस धारेवरून ओळखलें नाहीं, निंबळकावरून ओळखलें.

शिरूरास आणखी एक नांव आहे, आणि तें आमच्या प्रांताबाहेरचें आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं येथें इंग्रजांची छावणी होती. तिच्यांतील कर्नल विल्यम वॉलेस १८०९ सालीं वारला व त्याचें थडगें येथेंच झालें. पुणें जिल्ह्याच्या १८८५ च्या गॅझेटियरांत नमूद आहे कीं, आसपासचे लोक त्यास सत्पुरुष म्हणून भजत आणि नव्या पिकाचा नैवेद्य त्याच्या थडग्यापाशीं आणीत. हा वॉलेस शब्द मोठा बोलका आहे. ‘परका’, ‘वेल्श’ असा त्याचा मूळ अर्थ. वेल्स देशाचे लोक आपल्याच भूमींत राहत असतां, मागून आलेल्या इंग्रजांनीं त्यांस परके म्हटलें, आणि तेंच नांव पुढें स्कॉटलंडांत आडनांव होऊन बसलें. त्याच धातूचें दुसरें रूप आयर्लंडांत गेलें, तें वॉल्श. बाराव्या शतकांत नॉर्मन सरदारांबरोबर वेल्समधून जीं माणसें तेथें उतरलीं, त्यांस आयरिश लोक ‘ब्रिटनकडचे’ म्हणत. त्याचें इंग्रजी रूप वॉल्श. म्हणजे आमच्या बोलींत सांगावयाचें तर, ‘वेल्सकर’. १८९० सालच्या जन्मनोंदींवरून रॉबर्ट मॅथेसन यानें आयर्लंडच्या आडनांवांचा जो अहवाल १८९४ मध्यें प्रसिद्ध केला, त्यांत मर्फी, केली व सुलिव्हन यांच्या मागोमाग चौथें नांव वॉल्शचें आहे. कॉर्क, मेयो, वॉटरफर्ड, गॉलवे अशा परस्परांपासून दूरच्या परगण्यांत तें दाट पसरलेलें होतें. परका म्हणून ज्यांस हिणविलें, त्यांचें नांव सातशें वर्षांत देशांतल्या अगदीं घरगुती नांवांत जाऊन बसलें.

तेथील शोधकांनीं या नांवाविषयीं जो निष्कर्ष काढला, तो आमच्या कुलवृत्तान्तकारांनीं भिंतीवर लिहून ठेवावा. सारे वॉल्श एका पुरुषाचे वंशज नव्हेत. वेल्सहून निरनिराळीं माणसें निरनिराळ्या बंदरांत उतरलीं आणि प्रत्येकास शेजाऱ्यांनीं तेंच नांव दिलें. आपल्याकडेही तसेंच. एक शिरूर घोडनदीचें. दुसरें बीड जिल्ह्यांत, शिरूर कासार. लातूर जिल्ह्यांत शिरूर अनंतपाळ व शिरूर ताजबंद अशीं दोन. कर्नाटकांत आणखी आहेत. या प्रत्येकांतून बाहेर पडलेला मनुष्य शिरूरकर होऊं शकतो. दोन शिरूरकर आगगाडींत भेटले आणि त्यांनीं परस्परांस भाऊबंद मानलें, तर त्यांत प्रेम आहे, इतिहास नाहीं.

हें सारें लक्षांत घेतलें म्हणजे मराठी वाङ्मयांतील सर्वांत प्रसिद्ध शिरूरकर बाईंकडे निराळ्या दृष्टीनें पाहतां येतें. १९३३ सालीं ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह विभावरी शिरूरकर या नांवानें निघाला. शिकलेल्या, मिळवत्या, अविवाहित मुलींच्या मनांतील गोष्टी त्यांत इतक्या उघडपणें आल्या होत्या कीं, सभ्य घरांत खळबळ उडाली आणि ही बाई कोण, किंबहुना ही बाईच कीं कोणी पुरुष, याचा शोध सुरू झाला. लेखिका होत्या बाळूताई खरे. विश्राम बेडेकरांशीं विवाह झाल्यावर मालतीबाई बेडेकर. टोपणनांवाविषयीं लिहितांना टीकाकार बहुधा ‘विभावरी’ या शब्दापाशीं थांबतात, रात्रीचा व गूढतेचा अर्थ काढतात. आम्हांस ‘शिरूरकर’ अधिक विचारपूर्वक घेतलेलें वाटतें. ‘कर’ प्रत्ययाचें आडनांव जातीची खात्रीची खूण देत नाहीं. तें ब्राह्मणाचें असेल, मराठ्याचें असेल, सोनाराचें असेल. तें गांव सांगतें, पण माणूस त्या गांवांत सांपडत नाहीं. लपावयास याहून चांगली जागा मराठींत नव्हती. आडनांवाचा ‘आड’ येथें अक्षरशः उपयोगी पडला.

आणि लपणें हा त्याचा अर्धाच उपयोग. खरे हें बापाचें, बेडेकर हें नवऱ्याचें. दोन्ही नांवें मानाचीं, पण दोन्ही दिलेलीं. शिरूरकर हें एकच नांव असें कीं जें बाईंनीं स्वतः घेतलें, जें कोणत्याही घराण्याच्या मालकीचें नव्हतें, आणि ज्याच्या अब्रूचा हिशेब कोणत्याही काकांस द्यावयाचा नव्हता. त्या कथांतील मुली घरच्यांस जें सांगूं शकत नाहींत, तें सांगणारीस घरचें नांव लावून कसें चाललें असतें? कोणी म्हणेल, हें सोयीचें टोपणनांव होतें, त्यांत एवढें काय? आम्ही विचारतों, मग गरज संपल्यावर तें टाकलें कां नाहीं? १९५० सालीं ‘बळी’ आली. सोलापूरच्या गुन्हेगार म्हणविलेल्या जमातींच्या वसाहतींत बाईंनीं जें काम केलें होतें, त्यांतून निघालेली ती कादंबरी. १९५६ सालीं ‘शबरी’ आली. दोन्हींवर नांव विभावरी शिरूरकर हेंच. तारेच्या कुंपणाआड ठेवलेल्या ज्या माणसांस सरकारानें जमातीचें एकच नांव देऊन गुन्हेगार ठरविलें, त्यांच्याविषयीं लिहितांना त्यांनीं आपलें कमावलेलें नांव वापरावें, हें आम्हांस उचित वाटतें.

स्नेह्यांच्या पुतणीस आम्ही नंतर ‘कळ्यांचे निःश्वास’ची प्रत पाठविली. खऱ्यांचा वंशवृक्ष कोणी काढला आणि तो नेहमींच्या रीतीनें काढला, तर बाळूताईंच्या नांवाखालींही रेघ नसणार. बेडेकरांच्या वृक्षांत त्या कोणाच्या तरी पत्नी म्हणून कंसांत येणार. शिरूरकरांचा मात्र कुलवृत्तान्तच नाहीं. पुतणीचें उत्तर चार दिवसांनीं आलें. पुस्तक आवडलें, असें तिनें लिहिलें होतें. आणि खालीं सही करतांना आडनांवाची जागा मोकळी ठेवली होती.