निनावी जोडी

सतीश राजवाडे यांचा ‘मुंबई-पुणे-मुंबई’ २०१० साली आला. आलेल्या स्थळाला नकार द्यायला पुण्यास गेलेली मुंबईची मुलगी (मुक्ता बर्वे) आणि वाटेत भेटलेला पुणेकर (स्वप्नील जोशी); दिवसभर हिंडतात, भांडतात, पण नावे काही कळत नाहीत. आम्हां रेणापूरकरांना मुंबई परकी, पुणेही परकेच. तरी त्या निनावी जोडीत आमच्या घरची पोरे सहज मावली. माझी आई तर पडद्यावरच्या मुलाला माझ्या धाकट्या भावाच्या नावानेच दटावीत होती! २०१५ च्या दुसऱ्या भागात ती गौरी झाली, तो गौतम. पाठोपाठ दोन्हीकडचे वऱ्हाड आले. प्रशांत दामले हसवतात, हे कबूल. पण नावे ठरली आणि आम्ही घरचे होतो ते पाहुणे झालो. २०१८ च्या तिसऱ्या भागात पाळण्याचीच तयारी. दिवसभराची ती पायपीट मात्र पुन्हा दिसली नाही.